तारण

पतसंस्थेत माझं टेबल खिडकीशी.
रजिस्टरात सातवा रकाना : तारण.
त्याखाली मी रोज लिहितो
मंगळसूत्र एक, दोन पदरी.
वेल, जोड, एक मोडका.
वजन, घट, निव्वळ वजन.

आणि रविवारी शरणपूर रोडच्या चर्चमध्ये
तोच शब्द उपदेशात ऐकतो.
लहानपणी वाटायचं, दोन वेगळे शब्द असतील,
आमच्या वर्गात दोन वेगळे अमोस होते तसे.

नसतात.

त्या मार्चअखेरीला ताळा जुळेना
अठरा हजार चारशेनं.
ते कुठे गेले हे मला ठाऊक,
आणि पंचवटीतल्या पत्त्यांच्या एका खोलीला.
चेअरमन म्हणाले, सोमवारपर्यंत. नाहीतर पोलीस.
शेजारचा बागुल, मायाळू माणूस,
म्हणाला, पहाटे रामकुंडात बुडी मार, हलकं वाटेल.
गेलो. बुडी नाही मारली, पायरीवर बसलो.
कुणाच्या तरी बापाची राख सोडत होते.
म्हणतात इथं हाडंसुद्धा विरतात.
हिशेबाचं काही म्हणत नाहीत.

सोमवारी तबिथामावशी आली.
मी तिला सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असणार.
सिव्हिलमध्ये एकतीस वर्षं आया,
रात्रपाळ्यांच्या चार पाटल्या
साबण लावून काढलेल्या, रुमालात अजून ओल्या.
काउंटरवर ठेवल्या. म्हणाली, लिही.
माझ्याच हातानं लिहिलं :
पाटल्या चार. एक्केचाळीस ग्रॅम.
कर्जदार : तबिथा शांतवन पाटोळे.
कर्जाचं कारण, इथं पेन थांबलं.
ती म्हणाली, घरखर्च.

मग जिन्यात गाठून
तिनं माझ्या थोबाडीत मारली.
मनगट गालापाशी आलं तेव्हा दिसलं,
हाडावरची साल निघाली होती.

हे उपदेशात नसतं.
पाळक म्हणतात, कृपा फुकट.
मला फुकट.

हप्ते मी भरीन म्हणालो.
भरले. चार महिने.
मग नाही भरले, तेही इथं लिहून ठेवतो.
लिलावाची नोटीस मीच टाइप केली,
पत्ता पाठ होता.
सराफ बाजारात कुणाच्या तरी मुशीत
चारांचा एक गोळा झाला असेल,
त्याच्या आता कुणाच्या अंगठ्या, कुणाचे दात.

चौदा वर्षांनी तेवढ्याच वजनाच्या घडवल्या.
उत्तम शुक्रवारी, तीन तासांची उपासना संपवून,
डबी घेऊन तिच्याकडे गेलो.
मावशी मेथी निवडत होती.
डबी उघडलीच नाही. मातीचे हात होते,
कोपरानं सरकवली माझ्याकडे.
म्हणाली, फिटलं ते.
मी म्हणालो, मी फेडतोय ना आता.
कुणाला? मी काय सावकार आहे?
बस. देठं काढ.

दुपारीच सात वाक्यं ऐकून आलो होतो.
सहावं साधारण हेच होतं,
तेव्हा मी घड्याळ बघत होतो.

अर्धी जुडी मी निवडली.
तिच्या मनगटावर काहीच नव्हतं,
रबरबँड सोडला तर, दुधाच्या पिशवीचा.

डबी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
तिला कुठला रकाना लावावा कळत नाही.
तारण नाही, फेड नाही,
दान म्हणावं तर घेणारं कुणी नाही.

सकाळी लवकर गेलं की
सराफ बाजारात झारेकरी दिसतात,
गटारातली माती घमेल्यात धुताना.
कानशीतून, फुंकणीतून, नखांतून
काहीतरी सांडतंच, याची त्यांना खात्री असते.
मी उभा राहतो. उशीर होतो तरी.
परवा एकानं विचारलं, काय हरवलंय साहेब?
मी म्हणालो, पाटल्या. चार. वितळलेल्या.
तो हसला नाही.
घमेलं हलवत म्हणाला,
सापडल्या समजा,
तर तुमच्याच, हे ओळखणार कशावरून?